बिनडोळ्याचा पोपट

"पोपट कुठे लावलाय ते आधी बघू," नवरा म्हणाला आणि प्रदर्शनाच्या दारातच त्याने शर्ट पुन्हा नीट खोचला.

"उडून नाही जात. आंधळा आहे तो," ती म्हणाली.

पेपरमिंटच्या कारखान्याने आपला इतिहास मांडला होता. मांडला म्हणजे जुने डबे पुसून काचेत ठेवले होते आणि वर दिवे सोडले होते. साखर, रंग आणि वास, यांना कसला आलाय इतिहास? तिची नोकरी रक्त-लघवी तपासण्याच्या प्रयोगशाळेत झाली होती. नळीत दिसेल तेवढंच ती खरं मानायची.

नवरा मात्र एका कागदावर जगला. तरुणपणी त्याने या गोळीच्या वेष्टनासाठी पोपट काढला. पुढे उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवल्या, पण ओळख करून देताना एकच, "पेपरमिंटवरचा पोपट माझा." पोपट कसला, कारल्याला चोच फुटलेली! मालकांना हिरवी आणि लाल, दोनच शाया परवडत होत्या, म्हणून डोळ्याच्या जागी कोरा कागद राहिला. ही गोष्ट सुरू झाली की ती गॅस बंद करायला उठायची. गॅस चालू नसला तरी.

काचेपाशी घोळका होता. माहिती सांगणारी तरुण मुलगी म्हणत होती, "हा पोपट संस्थापकांच्या सात वर्षांच्या लेकीने काढला. बघा, डोळा काढायचाच विसरली! हा निरागसपणा मोठ्यांना जमत नाही."

"अय्या!" कुणीतरी म्हणालं.

नवऱ्याने चष्मा लावला. खालची पाटी वाचली. पुन्हा वाचली. दवाखान्याच्या रांगेतही ज्याच्या तोंडाला खळ नसायचा, तो नेमका इथे मुका.

"अहो, सांगा ना."

"राहू दे. छापलंय त्यांनी."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"सात वर्षांची लेक?" ती मोठ्याने म्हणाली. "मग चाळीस वर्षं माझ्या टॉवेलांना रंगाचे हात पुसतंय ते कोण?"

हशा पिकला.

"काकू, आमच्याकडे तशीच नोंद आहे."

"असेल. पोपट भिकार आहे, मी रोज नावं ठेवते त्याला. पण तो यांचा आहे. आणि डोळा कुणी विसरलं नव्हतं. काळी शाई द्यायला तुमच्या मालकांचा जीव जात होता."

"कळवते हं मी वर," मुलगी गोड हसली आणि पुढच्या काचेकडे वळली. लोकही वळले.

"कशाला बोललीस?"

"मग कुणी बोलायचं, पोपटाने?"

तो काचेवर इतका वाकला की श्वासाची वाफ धरली. त्याने ती बाहीने पुसली आणि पुन्हा वाकला. मागून नवा घोळका आला. तिने त्याच्या खांद्यावरची पिशवी स्वतःकडे घेतली आणि त्याचं बघून होईपर्यंत ती लोकांच्या वाटेत पाय रोवून उभी राहिली.