लालीच्या खोलीची भिंत

आमच्या बोरगावच्या कोठ्यात, म्हणजे गाईंच्या गोठ्यात, एक भिंत अजून अर्धवट पडलेली आहे. येणारे-जाणारे सांगतात, डागडुजी करून घ्या. मी ऐकत नाही. ती भिंत मीच बांधवून घेतली होती आणि मीच पाडली. तिच्यात सिमेंटपेक्षा माझा शहाणपणाच जास्त गेला होता.

१९८४ साली मी पांढुर्ण्याहून लग्न होऊन इथे आले. वडील शाळामास्तर, मी बी.एस्सी. आमच्या गावात शिकलेल्या सुनेचं तेव्हा केवढं अप्रूप! सासऱ्यांना सगळं गाव बापूजी म्हणायचं, म्हणून मीही बापूजीच म्हणायची. ते चारचौघांत सांगायचे, "आमची उर्मिला इंग्रजी पेपर वाचते." पेपर वाचता वाचता ती भात करपवते, हे मात्र सांगायचे नाहीत.

घरी संत्र्याची बाग, कपाशी आणि आठ गवळाऊ गाई. जुना कोठा मातीचा होता. एकच लांब गव्हाण आणि तिच्यापुढे जोडीजोडीने बांधलेल्या गाई. कुणी कुणाशेजारी उभं राहायचं, ते माझ्या सासूबाईंनी, जयवंता आत्याबाईंनी, ठरवलेलं. मला तो सगळा गोंधळ वाटायचा. ही तिच्या ढेपेत, सरकीच्या पेंडीत, तोंड घालते, ती हिला चाटते, शिस्त म्हणून नाही.

बापूजींनी कोठा पक्का करायचं काढलं, तेव्हा मी लगेच आलेखाच्या कागदावर नकाशा काढला. प्रत्येक गाईला वेगळी खोली, मध्ये खांद्याइतकी उंच भिंत, प्रत्येकीची गव्हाण वेगळी. दुभत्या गाई दाराजवळ, भाकड अगदी शेवटी. बापूजींनी तो नकाशा गावभर दाखवला. आत्याबाईंनी तो बराच वेळ पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "तुह्यं अक्षर लय सुंदर हाय व माय." मी खूश झाले. मूर्ख होते.

दसऱ्याला गाई नव्या कोठ्यात गेल्या आणि चार दिवसांत लाली पान्हा चोरायला लागली. वासरू ढुशा देऊन देऊन थकायचं, आत्याबाई कासेला हात लावून बसून राहायच्या, आणि बादलीचा तळही झाकला जायचा नाही. ढेप तशीच पडून. दिवेलागणीपासून ती हंबरत राहायची.

लाली म्हणजे घरातली नुसती एक गाय नव्हती. आत्याबाई लोधीखेड्याहून लग्न होऊन आल्या, तेव्हा माहेरून आंदण म्हणून एक कालवड आली होती. लाली तिची नात. पुढे आत्याबाईंचे भाऊ वारले, घर दुसऱ्याच्या हाती गेलं. माहेरचं म्हणून त्यांच्याकडे उरली होती ती लालीच.

सौंसरहून जनावरांचे डॉक्टर आले. म्हणाले, गाय ठणठणीत आहे. आत्याबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. माझे यजमान मोरेश्वर हसून म्हणाले, "घर बदललं की मलेही झोप नाई येत." मी त्यांच्यावर अशी डाफरले की ते दोन दिवस बागेतच जेवले. वासराच्या बरगड्या दिसायला लागल्या, तेव्हा बापूजी म्हणाले, "वासरू उपाशी मारून राहिली हे. शनिवारी व्यापारी येऊन राहिला, देऊन टाकू दोघायले."

आत्याबाईंनी पदर सारखा केला आणि चुलीपाशी गेल्या. माझ्या कोठ्यातच काहीतरी चुकलंय, हे मला आतून कळत होतं, पण जीभ रेटत नव्हती. सगळ्या गावाने वाखाणलेला नकाशा माझ्याच तोंडाने चुकीचा कसा म्हणू?

शुक्रवारी सकाळी गुलाब आला. गावाच्या गाई चारायला नेणारा आमचा गायकी. "सूनबाई, आज गाई तुमीच आखरावर आणून द्या. माहा पाय लचकला."

आखर म्हणजे गावाबाहेरचं मैदान. चरायला जाण्याआधी गावची सगळी गुरं तिथे जमतात. मी कुरकुरत गाई हाकत नेल्या. तिथे पोचताच लाली त्या शेदीडशे जनावरांतून वाट काढत थेट मोरणीकडे गेली. मोरणी म्हणजे आमची म्हातारी भाकड गाय, माझ्या नकाशातली शेवटच्या खोलीतली. लालीने तिच्या पाठीवर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. मोरणी तिची मान चाटायला लागली. मी बाकीच्या पाहिल्या. आमच्या सगळ्या गाई जोडीजोडीने उभ्या होत्या, अगदी जुन्या कोठ्यात बांधायचो तशा.

"लालीची माय मेली तं मोरणीनंच चाटून मोठं केलं तिले," गुलाब म्हणाला. "दिवसभर संगं राह्यते. अन् दूध देयाच्या टायमाले मधात भिताड!"

तेवढ्यात एक गोऱ्हा उधळला आणि गुलाब त्याच्यामागे तीरासारखा धावला. लचकलेल्या पायाने. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, मी रडत होते.

शनिवारी उजाडताच मी मोरणीला लालीशेजारच्या खोलीत आणून बांधलं आणि सब्बल घेऊन मधली भिंत फोडायला लागले. आवाजाने बापूजी धावत आले. "अवं, पागल झाली का पोरगी!"

"बापूजी, नकाशा चुकला," मी म्हटलं. "माझा चुकला." आयुष्यात इतकं जड वाक्य मी दुसरं बोललेली नाही.

फाटकात व्यापारी येऊन उभा होता. आत्याबाई कुणाकडे न बघता बादली घेऊन लालीपाशी बसल्या. विटांच्या ढिगावरून मोरणीने मान लांब केली आणि लालीचा कान चाटला. वासरू सोडलं. थोड्या वेळाने त्याच्या तोंडाला फेस दिसला, आणि मग बादलीत धार वाजली. व्यापारी चहा पिऊन रिकाम्या हाताने गेला. पुढच्या आठवड्यात सगळ्या जोड्या पुन्हा लागल्या. बाकीच्या भिंती गवंड्याने नीट काढल्या, ही एक मात्र मी तशीच ठेवली.

आत्याबाई जाऊन वर्ष झालं, तेव्हा म्हातारा गुलाब ओसरीवर येऊन बसला होता. मी सहज त्या लचकलेल्या पायाची आठवण काढली. तो हसला.

"पायाले का झालं होतं जी! जयवंताबाईनं पाठवलं होतं मले. त्यायले पह्यल्या दिसापासून मालूम होतं."

"मग त्या बोलल्या का नाहीत? लाली तर चाललीच होती."

"मी बी हेच म्हणलं. तं म्हणे, नवी पोर हाय, चारचौघांत तिची मान खाली नको. तिच्या डोयानं दिसू दे. मी म्हणलं, अन् नाई दिसलं तं? तं म्हणे, गाय जाईन. सून तं राहीन."