माझ्या पोटातली बुरशी

मित्रांनो, तिथेच थांबा. जवळ येऊ नका आणि वाकून आत तर मुळीच बघू नका. मी सुदुंबरे गावच्या महिपतींच्या घरातली बांबूची कणगी आहे, भात साठवायची. माझे म्हणणे तुम्हाला लांबूनही ऐकू येईल.

मला बुरुडाने विणले आणि शेणामातीने लिंपले नंदाबाईंनी. महिपतींशी लग्न होऊन त्या तेव्हा नुकत्याच या घरी आल्या होत्या. तीस वर्षे मी इंद्रायणी भाताचे बियाणे सांभाळले. "आमच्या कणगीत किडा शिरत न्हाई," असे महिपती पाहुण्यांना सांगत आणि मी फुगून जाई. तशी मी पोटाने गोलच आहे म्हणा.

मग निळा प्लॅस्टिकचा ड्रम आला. दिसायला ओबडधोबड, पण झाकण घट्ट! खायचे भात त्याच्याकडे गेले आणि मला पडवीच्या कोपऱ्यात ढकलले. बियाणे तेवढे माझ्याकडे राहिले, कारण या घरचा तसा रिवाज आहे. रोहिणी नक्षत्रात, पेरणीच्या दिवशी, घरच्या कर्त्याने कणगीत वाकून पहिली ओंजळ काढायची. तीही उघड्या तोंडाने. बियाण्यापुढे तोंड झाकून जात नाहीत.

अलीकडे दोन वर्षे मला कुणी लिंपले नाही. लिंपणार कोण? महिपतींच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. नंदाबाईंनी आपली एक किडनी त्यांना दिली. पुण्यात ऑपरेशन झाले. शरीराने ती परकी किडनी नाकारू नये म्हणून महिपतींना रोज गोळ्या असत आणि त्या गोळ्यांनी रोगाशी लढायची ताकद कमी होई. धूळ, शेण, ओले धान्य, जुना पेंढा यांच्या जवळ जायचे नाही, मास्क काढायचा नाही, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले होते. नंदाबाई ते रोज घोकून दाखवत.

त्यात अवकाळी पावसात माझ्या डोक्यावरचा पत्रा गळला. पाणी बुडापर्यंत झिरपले. आधी कुबट वास सुटला, मग पांढरे तंतू दिसले, मग काळपट हिरवी पूड. मला माझ्याच पोटाची भीती वाटू लागली. मी कुणाला सांगणार होते?

रोहिणीचा दिवस उजाडला. मुलगा कैलास कंपनीत गेला होता. नंदाबाई आणि सून अनिता शेतात वाफे करत होत्या. महिपती माझ्यापुढे येऊन उभे राहिले. नाकावर मास्क होता, म्हणून मला जरा हायसे वाटले. पण त्यांनी हात जोडले आणि मास्क काढून माझ्या काठाला अडकवला.

"सा म्हैनं नुसता बसून खातोय," ते मला म्हणाले. "एवढं तरी करू दे."

नका हो, नका! मी आतल्या आत ओरडत होते. ते छातीपर्यंत आत वाकले. दाणा हलला, पूड उडाली आणि त्यांनी श्वास घेतला. माझ्या पोटातली बुरशी त्यांच्या छातीत गेली, ती मी बघत राहिले. ओंजळ घेऊन ते गेले, मास्क माझ्या काठालाच राहिला.

पंधरा दिवसांनी खोकला सुरू झाला. अंगात कणकण होती. नंदाबाई म्हणाल्या, "डॉक्टरीणबाईस्नी फोन लावू का?"

"उगं कशाला? थंडी बाधलीया. लगीच दवाखान्यात घालत्यात त्या."

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी अनिता पडवी झाडायला आली. तिला मास्क दिसला. तिने आत बॅटरी मारली आणि नाकाला पदर लावून मागे सरली.

"आबा, तुमी हितं मास्क काढलावता?"

"बियाण्यापुढं तोंड झाकतं का कुनी?"

"म्हंजी वाकलावता आत?"

महिपतींनी मान खाली घातली. अनिताने तिथूनच फोन लावला आणि बुरशीचा फोटो पाठवला. लगेच उत्तर आले, आत्ताच्या आत्ता निघा.

बुरशी फुफ्फुसात उतरली होती. तिसऱ्या दिवशी अनिताच्या फोनवर नंदाबाईंचा आवाज आला. "त्या गोळ्या कमी केल्या तर किडनी जायाची भीती, न्हाई केल्या तर बुरशी वाढंल म्हनत्यात. माझी किडनी गेली तर जाऊ दे गं. मानूस घरी येऊ दे."

कैलासने तोंड बांधून, पूड उडू नये म्हणून पाणी मारून, मला शेताच्या पार टोकाला ओढत नेले. सगळा पावसाळा मी तिथे पडून होते. बांधावर चार माणसे जमलेली दिसली की वाटे, महिपती संपले.

काल दुपारी एक गाडी बांधाजवळ थांबली. काच बंदच होती. आत महिपती होते, निम्मे उरलेले. किडनी टिकली आहे, पण बुरशीचे औषध अजून कित्येक महिने घ्यायचे आहे, असे कैलास खाली उतरून शेजाऱ्याला सांगत होता. महिपतींनी माझ्याकडे पाहिले. मास्क नाकावर आणखी वर ओढला आणि तोंड झाकूनच मला हात जोडले.

उद्या कैलास मला पेटवणार आहे. वाईट वाटते, पण त्याचे बरोबर आहे. मित्रांनो, तुमच्या घरी असे कुणी दुसऱ्याची किडनी घेऊन परत आले असेल, तर पडवी, माळा, सांदीकोपरा आधी तुम्ही तपासा. कुबट वास आला तर त्यांना तिकडे जाऊ देऊ नका. त्यांना साधा खोकला आला, तरी चार दिवस वाट बघू नका. आणि तोंड झाकले म्हणून बियाणे रागवत नाही. तीस वर्षे मी ते सांभाळले आहे, मला ठाऊक आहे.

आणखी एक सांगते. कैलासला म्हणावे, उद्या काडी लावण्याआधी वारा कुठे वाहतो ते बघ. घराकडे असेल तर पेटवू नको. मी थांबेन.