चावलेल्यांची यादी

काकांच्या मधमाश्या आमच्या गल्लीत आजवर एकेचाळीस जणांना चावल्या, आणि प्रत्येकाची नोंद काकांच्या वहीत आहे. ‘पोस्टमन, कान. समोरच्या बाई, दोनदा, दोन्ही वेळा हसून.’ पुतणीच्या, म्हणजे माझ्या नावापुढे तीन डंख आहेत आणि मी ते मिरवते.

बेचाळिसावा नंबर काकांचाच लागला. तो त्यांनी लिहिला नाही. त्या दिवशी चेहरा भोपळ्यासारखा सुजला, श्वास अडकला. आता एक जरी माशी चावली तरी जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि गच्चीवरच्या पेट्या दुसऱ्या गावच्या एका बाईंकडे गेल्या. तेव्हापासून काका गच्चीचा जिना चढले नव्हते. दिवसभर बस चालवायची आणि घरी आल्यावर तोंडाला कुलूप. शेवटच्या मधाची किलोभराची बरणी फडताळात तशीच. काकू म्हणायची, बरणी कसली, जावई आहे तो, नुसता बघायचा.

यंदा शाळेत मी स्टेजवर बोलले आणि पाय लटपटले नाहीत, तेव्हापासून मला सगळंच जमेल असं वाटतं. म्हणून मीच म्हटलं, या मधाचं मीड करू, म्हणजे मधाची वाइन. मध, पाणी, यीस्ट आणि थोडी वाट बघायची. वहीतल्या प्रत्येकाला एकेक ग्लास.

काकांनी कितीतरी दिवसांनी एक प्रश्न विचारला: पाणी किती? मग स्वतःच हिशेब मांडला. कडक केलं तर चौघांत संपेल. दहा लिटर पाणी घालू, हलकं होईल, सगळ्यांना पुरेल आणि घरी जाताना कुणी जिन्यावरून पडणार नाही. मला फक्त वास मिळेल, हे काकूने आधीच बजावलं.

रविवारी पाणी उकळलं, जरा निवल्यावर मध विरघळवला, मोठी बरणी उकळत्या पाण्याने धुतली. यीस्ट जिवंत असतं, काका म्हणाले, भांड्याला मनगट लावून चटका बसेनासा झाला की मगच घाल. आणि ते दाढी करायला गेले. मी थांबले. म्हणजे, पाच मिनिटं.

बरणीच्या झाकणातून एक नळी काढून पाण्याच्या ग्लासात सोडली होती. सकाळपर्यंत त्यात बुडबुडे यायला हवे होते. आले नाहीत. काकांनी खुर्चीच तिथे आणली. दुसऱ्या संध्याकाळीही हातात चहा, नजर ग्लासावर. काकूला हळूच म्हणाले, “मधालाही मी नकोसा झालो वाटतं.”

हे ऐकून मात्र माझ्याच्याने राहवेना.

“काका, मी थांबले नाही. पाणी गरमच होतं.”

“किती गरम?”

“चहाइतकं.”

“तू गार करून पितेस त्या चहाइतकं, की माझ्या?”

“तुमच्या.”

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. वर्षभराचा मध मी एका घाईत घालवला होता.

“म्हणजे यीस्ट मेलं बिचारं,” ते म्हणाले. “मध ठीक आहे.” आणि पोट धरून हसायला लागले. काकू स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं ठसका लागला.

यीस्टची दुसरी पुडी त्यांनी स्वतः आणली. माझं मनगट धरून बरणीला लावलं. गार होती, तरी उगाच मिनिटभर धरून ठेवलं. सकाळी मला काकूच्या हाकेने नव्हे, ग्लासातल्या गुळगुळ आवाजाने जाग आली.

तीन आठवड्यांनी सगळे जमले ते गच्चीवर, कारण घरात एवढी माणसं मावणारच नव्हती. वरून पोस्टमनचं हसणं ऐकू येत होतं. मी खाली ट्रेमध्ये शेवटचे ग्लास भरत होते. काका जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभे.

“एक जास्त भरलास,” ते म्हणाले.

मी वही उघडून दाखवली. शेवटची ओळ माझ्या अक्षरात होती: ‘बेचाळीस. बस ड्रायव्हर, मान.’

त्यांनी ती वाचली. मग स्वयंपाकघरातून एक बशी आणून आपल्या ग्लासावर पालथी घातली.

“एखादी माशी अजून वाट चुकून येत असेल,” म्हणाले आणि चढायला लागले.

मी ट्रे घेऊन मागे. वास भारी होता.