पाटीला हात

पडद्यावर घाट लागला तशी सायकल आपोआप जड झाली. रूपल सीटवरून उठून पाय मारू लागली. समोरच्या फ्लॅटमधली तिची मैत्रीण पूर्वी चहाचा कप हातात धरून कौतुकाने बघत होती.

"जागची हलत नाही, आणि तरी तुझा घाम काढते. कमालच आहे बाई!"

रूपल हसली. तेवढ्यात बेल वाजली. दार पूर्वीनेच उघडलं.

दारात रूपलची आई, बायडी, उभी होती. डोक्यावर मासळीची पाटी, काष्ट्याचं लुगडं, जिने चढून फुललेला श्वास. लेकीने घरात चालवायची सायकल घेतली, हे फोनवर ऐकल्यापासून तिला ती बघायची होती. पण किनाऱ्यावरच्या दांडी गावाहून इथे बोईसरला मासळी विकायला आलीस तरी न कळवता घरी येऊ नकोस, असं रूपलने तिला बजावलं होतं. आपली आई निवृत्त शिक्षिका आहे, असं पूर्वीला सांगून ठेवलं होतं, तेही रूपलनेच.

बायडीने कशीबशी पाटी उंबऱ्याशी टेकवली. आधी पूर्वीकडे पाहिलं, मग लेकीच्या चेहऱ्याकडे. तिथे काय ते तिला कळलं.

"म्हावरा पायजे का, बाय? सरंगा हाय, ताजा."

"आज नको, मावशी," रूपल म्हणाली. पाय थांबले नाहीत.

बायडीने मान हलवली आणि डोक्यावरची चुंबळ नीट केली. भरलेली पाटी एकटीने डोक्यावर चढत नाही. गिऱ्हाईक मासळी घेवो न घेवो, पाटीला हात लावतंच.

"जरा हात लावता?" लेकीकडे न बघता तिने विचारलं.

लहानपणी शाळेला जाण्याआधी रूपल रोज हात लावायची. पाटी डोक्यावर गेली की आई एका हाताने ती सावरत, दुसऱ्या हाताने पदराचं टोक काढून लेकीचे ओले हात पुसायची.

"माझे बूट पेडलला अडकलेत," रूपल म्हणाली. पेडलमध्ये खटकन बसणारे बूट ते; टाच जराशी बाहेर वळवली की सुटतात.

बायडी दचकली.

"अगो, मग ओढू नको गो! पायाला लागंल." ती घाईने पूर्वीकडे वळली. "पाटीचं राहू द्या. आधी तिचे पाय सोडवा."

"सोडवते," पूर्वी म्हणाली. पण आधी तिने कप खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी पाटी उचलून बायडीच्या डोक्यावर दिली. बर्फाच्या पाण्याचा ओघळ तिच्या कुर्त्यावरून खाली आला. बायडी निघाली. जाताना वळून लेकीच्या पायांकडे तेवढं पाहिलं.

पूर्वी सायकलपाशी उकिडवी बसली. ती बुटाला हात घालणार, तोच रूपलने टाच वळवली. टक् आवाज झाला. मग दुसरी टाच.

पडद्यावरचा घाट थांबला. रूपल सीटवर तशीच बसून राहिली. पूर्वीने मान वर केली नाही. कुर्त्याची ओली कड पिळत ती हळूच म्हणाली,

"लिफ्ट बंद आहे आज. एवढ्यात खाली पोचल्या नसतील त्या."