ओठाचा डावा कोपरा

"पट्टी काढ," सर म्हणाले.

तिने ओठाच्या डाव्या कोपऱ्यावरची चिकटपट्टी ओढून काढली. मुद्दाम कातडीच्या रंगाची आणली होती, कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून.

"आता वाजव."

तिने ट्रम्पेट ओठांना लावलं. पहिले चार स्वर नीट लागले. वर चढताना डावीकडून फुस्सकन हवा निसटली आणि स्वर चिरकला. शेजारच्या खोलीत कुणीतरी पियानोवर सराव करत होतं. ते मात्र न अडखळता चाललं होतं.

आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी चूळ भरताना पाणी आपोआप ओघळलं, तेव्हापासूनचं हे. चेहऱ्याची नस सुजलीय, डॉक्टर म्हणाले होते. बहुतेकांचं तीन महिन्यांत बरं होतं. तिचंही झालं, बहुतेक. डोळा मिटू लागला, हसू जवळजवळ सरळ झालं. "आता काही कळतसुद्धा नाही गं," मावशी म्हणायची. कळत होतं ते फक्त ट्रम्पेटला.

"सर, अजून दोन महिने द्या."

"तीनदा दिले." सरांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. "अगं, वाद्यवृंदात मोठ्या ड्रमवर कुणी नाहीये. तुझा ताल पक्का आहे. वाद्य बदललंस तर वर्ष तरी वाया जाणार नाही."

ट्रम्पेटशिवायचं वर्ष घेऊन ती काय करणार होती? तरी ती "बरं" म्हणाली.

घरी मात्र सांगितलं नाही. बाबा कारखान्यात लेथवर होते. संगीतातलं त्यांना ओ की ठो कळत नसे, पण पितळ कळत असे. ट्रम्पेटची ओठांना टेकते ती छोटी वाटी ते जेवणाच्या सुट्टीत तिच्यासाठी नव्याने कातून आणायचे.

"हिची डावी कड जाड ठेवलीय. टेकवून बघ."

स्वयंपाकघरात उभी राहून ती फुंकायची. फुस्स.

"अर्धा मिलिमीटर कमी करतो," ते म्हणायचे. जणू सगळा दोष वाटीचाच.

चौथी वाटी आणली त्या संध्याकाळी त्यांच्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली होती. वाटी तिच्या हातात देऊन ते खुर्ची ओढून बसले, ऐकायला. तिचा धीर सुटला.

"बाबा, आता नका करू. मला ड्रमवर टाकलंय."

"कधीपासून?"

"तीन आठवडे झाले. सांगायचं होतं, पण जीभच रेटेना."

"म्हणजे ही, आणि हिच्या आधीची…" ते थांबले. मग म्हणाले, "माझंच माप चुकलं कुठेतरी. नाहीतर जमायला हवं होतं."

"माप बरोबर होतं, बाबा."

ते उठले आणि नळाखाली हात धुऊ लागले. कामावरून आल्या आल्या धुतलेच होते.

कार्यक्रमाला ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. वीस मिनिटांच्या रचनेत तिला अकरा ठोके होते. बाकीचा वेळ सगळ्यात मागे उभं राहून मात्रा मोजायच्या. तिच्या खुर्चीवर आता तिची मैत्रीण होती, दोन वर्षं तिच्याच शेजारी बसून वाजवणारी. मधली ट्रम्पेटची अवघड जागा जवळ आली. त्या जागेसाठी तिने वर्षभर जीव तोडून सराव केला होता. ऐकत बसलं तर मोजणं चुकेल, म्हणून ती ऐकत नव्हती. एकेचाळीस, बेचाळीस. तरी ऐकू आलंच. मैत्रिणीने ती जागा स्वच्छ वाजवली. कुठेतरी अडखळली असती तर बरं वाटलं असतं, हे मनात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

सगळं सभागृह ट्रम्पेटकडे बघत होतं. सहाव्या रांगेत बाबा ताठ बसून तिच्याकडे बघत होते. तिने कितीतरी वेळ काहीच वाजवलं नव्हतं, तरी त्यांची नजर हलली नव्हती.

शेवटचा ठोका अगदी हलका होता. तो दिला आणि आवाज मागे रेंगाळू नये म्हणून तिने ड्रमच्या चामड्यावर तळहात टेकवला. हाताखाली ते थोडा वेळ थरथरलं, मग शांत झालं. टाळ्या सुरू झाल्या, पुढचे वादक अभिवादनाला उभे राहिले. तिने हात उचलला नाही.