चौथ्या कोनशिलेचा पडदा

शिलाई मशीनची बॉबिन हातातून निसटली आणि फरशीवर टणटण उड्या मारत पलंगाखाली गेली. दुपारच्या शांततेत तेवढा आवाजही फार झाला. मी श्वास रोखला. माझ्या लेकीने, बय्याने, कूस बदलली, अंगठा तोंडात घातला आणि पुन्हा झोपली. पोटातलं मात्र जागं झालं, त्याने आतून एक लाथ हाणली. मला आता वाकवत नाही, म्हणून माझ्या उम्मीला, म्हणजे आईला, खूण केली.

"कितवा गं हा पडदा?" बॉबिन देत ती कुजबुजली.

"चौथा."

"पहिला मी शिवला. तेव्हा तू पोटात होतीस."

पडदा सी लझहर मस्तूरींसाठी होता; ‘सी’ म्हणजे आमच्याकडचं ‘साहेब’. उद्या ते आमच्या ऐन तुफ्फाह गावात प्रसूतिगृहाची कोनशिला बसवणार होते. पुन्हा.

त्यांची सगळी कारकीर्द आमच्या शिलाई मशीनखालून गेली आहे. पहिल्या वेळी ते पक्षाचे तालुका चिटणीस होते. पडदा साधा सुती होता. दुसऱ्या वेळी गव्हर्नर. मखमल आली, सोनेरी झालर लागली. मग क्रांती झाली. तीन आठवडे सी लझहर कुणाला दिसले नाहीत. दिसले तेव्हा सांगू लागले, आपण इतकी वर्षं आतून विरोधच करत होतो. इतका आतून, की बायकोलाही पत्ता नव्हता. झालर गेली. तिसऱ्या वेळी त्यांनी दाढी राखली होती आणि भाषणाआधी बराच वेळ डोळे मिटले होते. आता दाढी नाही. आता ते कुठल्याच पक्षाचे नाहीत, निव्वळ जनतेचे आहेत. आणि राज्यमंत्री आहेत.

दगड तोच. कोरणारा गवंडीही तोच, आमचा म्हातारा अम्म शाझली, अम्म म्हणजे काका. "पहिल्यांदा पुढून कोरला, दुसऱ्यांदा मागून," तो सांगतो. "मग घासायला लागलो. आणखी एकदा घासला तर आरपार दिसेल, बिन्ती, पोरी."

मी हसते, पण माझं हसू फार टिकत नाही. जिल्ह्याचं रुग्णालय सत्तर किलोमीटरवर. बय्या तिथे पोचलीच नाही. ती वडापच्या गाडीत झाली, घाटातल्या तिसऱ्या वळणावर. उतारू खाली उतरून पाठ करून उभे राहिले, ड्रायव्हरने रेडिओ मोठा केला. चार वर्षांची बय्या ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला ऐटीत सांगते, "मी वळणावर झाले!" या वेळी दाईने पोटावर हात फिरवला आणि तिचा चेहराच बदलला. मूल आडवं आहे. वळणावर भागणार नाही.

पडद्याची मधली शिवण उघडी सोडायची असते, म्हणजे दोरी ओढली की दोन भाग बाजूला सरकतात. मी ती सोडली नाही. विसरले म्हणा.

दुसऱ्या दिवशी सी लझहरनी दोरी ओढली. पडदा हलेना. बँडने राष्ट्रगीत संपवलं, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा सुरू केलं. ते पुन्हा ओढायला लागले. मान लाल झाली.

"शिवणारी कुठाय?" ते दातांतून पुटपुटले.

मला पुढे ढकललं. आधी पोट पोचलं, मग मी, हातात कात्री.

"चल बिन्ती, आटप. टीव्हीवाले थांबलेत."

"मीही थांबलेय, सी लझहर. पुढच्या महिन्यापर्यंत. तोवर छप्पर चढेल ना?"

गर्दीत खसखस पिकली. पण एवढी राज्यं पचवलेला माणूस तो. त्यांनी कॅमेऱ्याकडे तोंड केलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "या माऊलीसाठीच तर हे प्रसूतिगृह! मुलगा झाला तर नाव लझहर ठेव!"

टाळ्या.

"आणि मुलगी झाली तर?" मागून अम्म शाझली ओरडला. "कोनशिला?"

मी टाके उसवले. दगड दिसला, पातळ, पांढरा, तारखेपाशी थोडा खोलगट. पुन्हा टाळ्या. छपराचं उत्तर राहिलं ते राहिलंच. दहा मिनिटांत सगळं पांगलं. दोन माणसांनी दगड चादरीत गुंडाळला आणि ताफ्यातल्या शेवटच्या गाडीत मागच्या सीटवर आडवा ठेवला; उघड्यावर राहिला तर पोरं खराब करतात म्हणे. कचेरीतल्या माणसाने पडद्याची घडी माझ्या हातात दिली.

"नीट ठेव हं. कसर लागू देऊ नकोस."

घरी येताना बय्याने तो पडदा खांद्यावरून सोडला होता, राणीसारखा. मागे तो धुळीत लोळत होता. ती मधेच थांबली आणि ताफा गेला त्या रस्त्याकडे बघत राहिली. मग माझ्या पोटाला गाल लावला.

"उम्मी, दगडाला झोपून जायला गाडी मिळाली. आपल्या बाळाला कोण नेणार?"