पहाटे आपोआप उठणारा कॉम्प्युटर

डोळे मिटा आणि एक खोली मनात आणा. रस्त्याच्या बाजूला दार, भिंतीशी टेबल, टेबलाखाली एक काळा डबा. बाहेर अजून उजाडलेलं नाही. खोलीत कोणी नाही. आणि एकाएकी त्या डब्यावर निळा दिवा लागतो, आतला पंखा घुर्र करतो आणि एकच बारीक आवाज येतो, बीप. बटण कोणी दाबलं? कोणीच नाही. भिऊ नका, ही भुताची गोष्ट नाही.

खोली वाशिमकडच्या रिठद गावातली आहे आणि कॉम्प्युटर रेणू नावाच्या मुलीच्या मोठ्या भावाचा, अमरदीपचा. तो गावातल्या लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचा. वावरात जाणारी माणसं सहालाच दारात उभी राहायची, आणि कॉम्प्युटर तर सुरू व्हायलाच फार वेळ घ्यायचा. म्हणून अमरदीपनं तो पहाटे ठरल्या वेळी स्वतःच सुरू होईल अशी सोय करून ठेवली होती. आईला, गोमतीबाईंना, तो हसत म्हणाला होता, "आई, मी नाई उठलो तरी हा उठंल."

दिवाळीनंतर रिसोडच्या रस्त्यावर त्याच्या मोटारसायकलला अपघात झाला आणि अमरदीप गेला. कॉम्प्युटर मात्र रोज उठत राहिला. बीप ऐकू आला की गोमतीबाई खोलीत यायच्या, डब्यावर घटकाभर हात ठेवायच्या आणि मग चूल पेटवायच्या. शाळेत जाताना रेणू तो बंद करायची, म्हणजे दुसऱ्या पहाटे तो पुन्हा उठायला मोकळा.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी एक पार्सल आलं. अमरदीपनं मागवलेला नवा प्रोसेसर होता तो. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. आकारानं बिस्किटाएवढा, खालून सुईच्या टोकासारख्या शेकडो पिना. "आला की दोघं मिळून बसवू, तू टॉर्च धरजो," असं त्यानं रेणूला सांगून ठेवलं होतं. गोमतीबाईंनी खोकं देवाजवळ ठेवलं, त्याच्यावर हळदकुंकू वाहिलं. रोज दिवा लावताना ते दिसायचं आणि रोज त्यांचे डोळे भरायचे. थंडी सरत आली तेव्हा एक दिवस त्या स्वतःच म्हणाल्या, "तूच बसव वं रेणू. त्याचा जीव त्या डबीत अडकला असंल."

रेणू आठवीत होती. भावाला कॉम्प्युटर उघडताना तिनं अनेकदा पाहिलं होतं. रविवारी सकाळी तिनं वायर काढली, पंखा सोडवला, बारीक दांडी उचलून जुना प्रोसेसर अलगद काढला आणि नवा ठेवला. टॉर्च तिच्या वडिलांनी, मदनसिंगांनी, धरला होता. मग तिनं बटण दाबलं. पंखे फिरले, पण पडदा काळाच. बीपही नाही. तिनं सगळं काढून पुन्हा बसवलं. पुन्हा काळोख. मग रेणूनं कारंजाला फोन लावला.

कारंजात नमन होता. वाशिमच्या आयटीआयमध्ये अमरदीपच्या शेजारी बसायचा, आता वडिलांच्या दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं.

"पंखे फिरून राह्यले न? मंग काई मेलं नाई," तो म्हणाला. "तुहा बोर्ड जुना हाय. ह्या नव्याचं नावच त्याच्या हजेरीत नाई. मास्तर नाव नाई घेत तं पोरगं कायले हजर म्हणंल?"

प्रोसेसर ज्यावर बसतो त्या बोर्डमध्ये एक छोटी स्मरणचिप असते, तिच्यात कोणकोणते प्रोसेसर ओळखायचे ते लिहिलेलं असतं. ते नव्यानं लिहावं लागेल, त्याला बायोस अपडेट म्हणतात, असं त्यानं समजावलं. आधी जुना प्रोसेसर परत बसव. बोर्डवर छापलेला नंबर अक्षर न् अक्षर पाहून त्याचीच फाइल पेनड्राइव्हवर घे. लिहिणं चालू असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा जाईल. आणि शेवटी तो म्हणाला की आतल्या सेटिंगा कोऱ्या होतील, दादानं काही बदललं असेल तर आधी लिहून घे.

"दादाचे फोटो जातीन काय?" रेणूनं विचारलं.

"फोटो हार्डडिस्कमधी असतात. त्याले काई होत नाई."

इथंच रेणू चुकली, बाळांनो. फोटो राहणार हे ऐकून तिचा जीव एवढा भांड्यात पडला की सेटिंगांचं ते वाक्य तिनं ऐकून सोडून दिलं. सेटिंगांची पानं तिनं उघडून पाहिलीच नाहीत.

मधेच गेलेली लाइट दुपारी दोनला आली. शेजारीच देवलाबाईची पिठाची गिरणी. गिरणी सुरू झाली की घरातले बल्ब मिणमिणायचे. अमरदीप गेल्यापासून मदनसिंग कोणाच्या दारात गेले नव्हते. ते उठले, गिरणीपाशी गेले आणि दहा मिनिटं थांबायला सांगून आले. देवलाबाईनं पट्टा काढून ठेवला. डबे घेऊन बसलेल्या बायांपैकी एकीनंही कुरकुर केली नाही.

रेणूनं जुना प्रोसेसर परत बसवून पेनड्राइव्हवरची फाइल लिहायला लावली होती. पडद्यावर पांढरी रेघ मुंगीच्या चालीनं सरकत होती. रेघ संपली, कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. मग तिनं नवा प्रोसेसर बसवला, तो तापू नये म्हणून वर पेस्टचा थेंब ठेवला, पंखा आवळला. बटण दाबलं आणि बीप आला. पडद्यावर नव्या प्रोसेसरचं नाव उमटलं. गोमतीबाईंनी सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला, गिरणीवरही पाठवला.

दुसऱ्या दिवशी रेणूला जाग आली तेव्हा लख्ख उजाडलं होतं. चूल थंड होती. गोमतीबाई टेबलाजवळ जमिनीवर बसल्या होत्या, हात डब्यावर.

"काहून नाई उठला वं आज?"

रेणूनं घाईनं बटण दाबलं. कॉम्प्युटर क्षणात सुरू झाला, पूर्वी कधी झाला नव्हता इतका पटकन.

"हा तं तू उठवला," गोमतीबाई म्हणाल्या.

तिनं नमनला फोन केला. आपोआप सुरू होण्याची वेळ त्याच चिपमध्ये होती, आता तिथं शून्य असेल. किती वाजता होती ते सांग, परत टाकता येईल, असं तो म्हणाला. रेणूला माहीत नव्हतं. ती त्या वेळी कायम झोपेतच असायची. मदनसिंगांनाही सांगता आलं नाही. सेटिंगचं पान उघडून ती बसली. साडेपाच टाकावेत आणि आईला सांगावं की काल दमला होता म्हणून उठला नाही, असं तिच्या मनात आलं. बोट कीबोर्डच्या कळीपर्यंत गेलंही. मग तिनं ते मागं घेतलं आणि चुलीपाशी गेली.

"आई, दादानं वेळ लिहून ठेवली होती. ती माह्याच्यानं पुसली गेली."

गोमतीबाई रागावल्या नाहीत. त्यांनी भांडी ओढली आणि घासत बसल्या. एकच पातेलं कितीदा तरी घासलं. रागावल्या असत्या तर रेणूला बरं वाटलं असतं. संध्याकाळी भाकरी थापता थापता त्या आपणहून बोलल्या.

"घड्याळातली मले ठाव नाई. पण वेळ ठाव हाय. मी तं त्याच्या आधीच जागी असते. फाट्यावर रातभर उभ्या मुक्कामी बसचा डायवर गाडी सुरू करते, लय वेळ घुरघुर चालते. मंग हारन वाजवते अन् निंगते. त्या दोहीच्या मधात उठते तो."

दुसऱ्या दिवशी पहाटे गोमतीबाईंनी रेणूला हलवून उठवलं. दोघी टेबलाशी बसल्या, आई अमरदीपच्या खुर्चीवर, लेक स्टुलावर. पडद्यावर तेच पान उघडलेलं, वरच्या कोपऱ्यात घड्याळ, खाली वेळेच्या जागी शून्यं. फाट्यावर बस सुरू झाली. तिची घुरघुर भिंतीतून येत राहिली. गोमतीबाईंनी डोळे मिटले होते आणि हात डब्यावर ठेवला होता.

"आता," त्या म्हणाल्या.

रेणूनं कोपऱ्यात पाहिलं. पाच बेचाळीस. फाट्यावर हॉर्न वाजला. तिनं आईचा डब्यावरचा हात उचलला, चुलीनं काळवंडलेलं बोट सरळ केलं आणि पाचाच्या कळीवर ठेवलं.